मुनोआच्या छपराचं वजन

"आता मी जे सांगणार आहे, ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही," असं म्हणत प्राश्कू म्हातारा बाकावर चढला आणि हातातल्या रिकाम्या पेल्यानं त्यानं शेजारच्या खांबावर ठक्‌कन ठोकलं.

"खरं वाटणार नसेल तर सांगता कशाला काका?" खालच्या गिरणीचा क्रिस्पिन तोंडातला घास न गिळताच म्हणाला.

"खरं वाटेल असं तू रोज बायकोला सांगतोसच की. तिला वाटतं का खरं?"

लांबलचक टेबलाभोवती हशा पिकला. क्रिस्पिनची बायको सगळ्यांत मोठ्यानं हसली.

प्राश्कूची सून कात्तालिन माशाच्या ऑम्लेटचा तवा घेऊन जिना चढून वर येत होती. ती शेवटच्या पायरीवरच थांबली. सासऱ्यानं काहीही ठोकावं, टेबल ठोकावं, क्रिस्पिनचं डोकं ठोकावं, पण तो खांब नको होता ठोकायला. कारण पेला वाजला तशा सगळ्यांच्या नजरा खांबाकडे गेल्या. खांबावरच्या लांब भेगेवरून, भेगेभोवती आवळलेल्या लोखंडी पट्ट्यांवरून त्या खाली घसरल्या, आणि मग जणू ठरवून, एकेक करत टेबलाच्या टोकाला बसलेल्या बिशेंतेवर जाऊन थांबल्या.

बिशेंते ताटातला पाव कुस्करत होता. नजरा आल्या तसे त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

जानेवारीतला रविवार होता. चर्च आटोपून सगळी वाडी प्राश्कूच्या घरी, म्हणजे मुनोआत, जमली होती, नव्या सायडरच्या, सफरचंदाच्या दारूच्या, पहिल्या पिंपाची खुंटी काढायला. हा मान पूर्वीपासून मुनोआचा. पिंप मागच्या मातीच्या चढावरून गडगडत थेट वरच्या मजल्यावर आणलेलं होतं, कारण मुनोआत माणसं जमायची ती सफरचंदं पिळायच्या घाण्यापाशीच. तशी या डोंगरात सायडर सगळेच करतात. पण लोक घर बांधतात आणि मग त्यात घाणा बसवतात. मुनोआच्या पूर्वजांनी आधी घाणा उभा केला आणि मग त्याच्यावर घर चढवलं. माळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी गेलेली, दोन माणसांच्या कवेत न मावणारी ओकची तुळई. तिचं एक टोक दोन जोडखांबांच्या मधे पाचरी ठोकून अडकवलेलं, दुसऱ्या टोकातून खाली उतरणारं लाकडी मळसूत्र आणि त्याला खाली तळमजल्यावर बांधलेला धोंडा. गाई, गवत, चूल, माणसांच्या खाटा, हे सगळं त्या तुळईच्या आजूबाजूला जागा मिळेल तसं बसवलेलं. प्राश्कू म्हणायचा, आम्ही या घरात भाडेकरू, मालकीण ती आडवी झोपलीय.

बिशेंते हा लिसार नावाच्या घरचा सुतार, आणि लिसार म्हणजे मुनोआचा पहिला शेजार. पहिल्या शेजाऱ्याचं नातं भावाच्याही पुढचं. घरात मूल झालं की पहिलं पाऊल त्याचं. घरातलं माणूस गेलं की मधमाश्यांच्या पेट्यांवर टिचकी मारून ती बातमी त्यानंच सांगायची. प्राश्कूची बायको गेली तेव्हा पावसात उभं राहून "बायांनो, तुमची मालकीण गेली गं," असं प्रत्येक पेटीला वाकून बिशेंतेनंच सांगितलं होतं. तोच बिशेंते ऑक्टोबरपासून मुनोआचा उंबरा चढला नव्हता. आज आला तो एवढ्याचसाठी, की न येणं जास्त दिसलं असतं.

आल्या आल्या त्यानं पिशवीतून लाकूड तासायची आपली वाकस काढली आणि जिन्याजवळच्या खिळ्याला अडकवली.

"राहू दे इथंच," तो कात्तालिनकडे न बघता म्हणाला. "ढलप्या काढायला होईल तुला चुलीसाठी."

ती वाकस त्याच्या आजाच्या हातची होती. दांडा धरून धरून मधे बारीक झाला होता. सुतार आपली वाकस शेजारणीला ढलप्या काढायला देतो तेव्हा त्यावर काय बोलायचं असतं हे कात्तालिनला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "जेवायला बस."

आणि तो बसायच्या आधी क्रिस्पिननं बाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवून पाहिला होता.

"थांबा रे, बघू दे आधी. याची पाचर कुणी ठोकलीय?"

सगळे हसले. बिशेंतेही हसला. तेच तिला बघवलं नव्हतं.

*

घडलं होतं ते एवढंच. जुना घाणा कित्येक वर्षं बंद होता. सगळ्यांची सफरचंदं क्रिस्पिनच्या लोखंडी यंत्रात जात होती. गेल्या शरदात वाडीच्या डोक्यात आलं की निदान एकदा तरी मुनोआची तुळई पुन्हा चालवायची. घरोघरची माणसं आली. जुन्या पाचरी किड्यांनी खाल्ल्या होत्या, म्हणून बिशेंतेनं नव्या केल्या आणि स्वतःच्या हातानं ठोकल्या. सफरचंदांचा चेचलेला ढीग तुळईखाली रचला. तळमजल्यावर तरण्या माणसांनी मळसूत्र फिरवायला सुरुवात केली. धोंडा जमिनीवरून सुटून लोंबायला लागला. घर कण्हलं. ते कण्हतंच, असं म्हातारे म्हणाले. रस गळायला लागला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग बंदूक उडावी तसा आवाज झाला.

सगळं शांत झाल्यावर लोकांनी वर जाऊन पाहिलं तेव्हा खांब पाचरीच्या खाचेपासून खाली चिरलेला होता आणि त्याच्यासमोर बिशेंते हातात लाकडी हातोडा घेऊन उभा होता. कुणाला काही झालं नव्हतं. फक्त चारशे वर्षांत न झालेलं झालं होतं.

"एक घाव जास्त झाला," बिशेंते म्हणाला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून ते वाडीत पक्कं झालं. एक घाव जास्त झाला. लाकूड ओलं होतं, असं कुणी म्हणालं. हात थरथरतो हल्ली त्याचा, असं दुसरं कुणी. मग लोकांनी त्याच्याकडे खिडक्या द्यायचं बंद केलं. मग शिड्या. पोराचा पाळणा द्यायचा होता तो एका घरानं शहरातून आणला. कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोलायची इथं पद्धत नाही. इथं चेष्टा करतात.

आणि कात्तालिन त्या दिवशी गोठ्यात होती.

हे कुणालाच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मळसूत्राच्या टोकाला सगळी गर्दी. ती दुसऱ्या टोकाला, जिथं ते जोडखांब गोठ्याच्या फरशीपर्यंत उतरून दगडी बैठकीवर टेकतात, तिथं बुजलेल्या गाईची मान धरून उभी होती. धोंडा लोंबकळला तेव्हा तिनं पाहिलं. खांबाच्या तळाशी उजेडाची एक रेघ दिसली. मग ती रेघ रुंद झाली. तिच्या पलीकडचं गवत दिसायला लागलं. एवढा थोरला खांब, कोंबडी पाय उचलते तसा, अलगद वर उचलला गेला होता.

मग तो आवाज. मग खांब धप्पकन खाली बसला. वरून कुणीतरी ओरडलं, "बिशेंते! अरे काय केलंस!"

कात्तालिननं गाईची मान सोडली नाही. तिला ती कोंबडी आठवत होती. कोंबडीची ती गोष्ट तिची नव्हती, सासऱ्याची होती.

*

उन्हाळ्यात छप्पर गळायला लागलं होतं. मुनोआचं छप्पर उघडायचं म्हणजे रीत अशी, की अख्खी वाडी येणार. प्राश्कूच्या आजाच्या काळात घराला आग लागली होती, तेव्हा प्रत्येक घरानं आपल्या छपरावरची एकेक रांग कौलं काढून मुनोआला दिली होती. प्रत्येक घराची खूण कौलाच्या पोटावर ओल्या मातीत बोटानं काढलेली. त्यामुळे छप्पर शाकारायची वेळ आली की जो तो आपापली रांग आपल्या हातानं लावणार, आणि ते होईपर्यंत मुनोआच्या चुलीवर सगळ्यांचं जेवण. शिवाय बायका येऊन बसणार आणि सांगणार, की सासूबाईंच्या वेळी घेवड्याला चव असायची. कात्तालिन बंदरावरच्या कोळ्याची मुलगी. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या घेवड्याला माशाचा वास येतो, असं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. नवरा आठवडाभर ट्रकवर. तिचा जीव नुसत्या विचारानंच दमला.

शहरातला छपरवाला म्हणाला, हे वासे एवढं वजन पेलणार नाहीत बाई. माझ्याकडे पत्रे आहेत, अगदी कौलांसारखे, रस्त्यावरून ओळखू येणार नाहीत, एक माणूस चार उचलेल इतके हलके. जुनी कौलं मी घेऊन जातो, त्यात मजुरी फिटली समजा. कुणीतरी समुद्राकाठी बंगला बांधत होता आणि त्याला जुनीच कौलं हवी होती.

तिनं सासऱ्याला सांगितलं. तो अंगणात शेंगा सोलत बसला होता.

"हलके?" प्राश्कू म्हणाला. "अगं, ते छप्पर पावसासाठी नाही. घर उडू नये म्हणून आहे."

"हो का मामंजी."

"हसू नको. तुळईचं एक टोक धोंडा खाली ओढतो, मधे सफरचंदं, मग दुसरं टोक काय करणार? वर उसळणार. त्याला धरलंय खांबांनी. आणि खांबांना कुणी धरलंय? छपरानं. ते वजन नसेल तर खांब वर उचलला जाणार, पाचरीपाशी चिरायचाही. माझ्या आजाच्या वेळी, आगीनंतर, कौलं चढायच्या आधीच सफरचंदं पिकली. म्हातारा म्हणाला, थांबत नाही. लावला धोंडा. तर घरानं, कोंबडी उचलते ना, तसा पाय उचलला! आणि आमचं मांजर गेलं उंदरामागं खांबाखाली. धोंडा खाली ठेवला असता तर मांजराची पोळी झाली असती. मग काय, ते मनानं बाहेर येईपर्यंत सहा माणसं मळसूत्र धरून उभी. तिन्हीसांज झाली. शेवटी आजीनं सार्डिन मासळीचं डोकं दाखवलं."

कात्तालिन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. प्राश्कूही हसला. थापा मारायला मिळाल्या की त्याचं तोंड पोरासारखं व्हायचं. ज्या माणसानं लांडग्याला प्रार्थना शिकवली, ज्याच्या भोपळ्यात पाद्रीबुवा पावसाला थांबले, त्याचं मांजर खरं कोण धरणार? त्यानंही आग्रह केला नाही. शेंगा सोलत राहिला.

जत्रेच्या आठवड्यात, वाडी रिकामी असताना, तिनं काम उरकून घेतलं. जत्रेहून परतलेल्यांना सांगितलं, "वासे बदलले फक्त. कौलं तीच." इतकं छोटं वाक्य. ते बोलताना तिला काही जड गेलं नव्हतं.

प्राश्कूची खाट छपराखालीच असते. पत्रे लागल्यावर पहिला पाऊस आला त्या सकाळी तो खाली आला तो टोपी कानांवर ओढून. दूध प्यायला आणि मधमाश्यांकडे गेला.

ऑक्टोबरनंतरही तो काही बोलला नव्हता. ती रोज वाट बघायची. तो विचारेल, मग सांगू. बिशेंते येईल, मग सांगू. नवरा येऊ दे या शनिवारी. शनिवार येत होते आणि जात होते, आणि न सांगितलेलं दर शनिवारी थोडं मोठं होत होतं. आता नुसतं छप्पर राहिलं नव्हतं. लोकांची कौलं विकली, लोकांशी खोटं बोलले, आणि त्या माणसाला एक घाव जास्त झाला म्हणू दिलं. बाजारात बिशेंतेची बायको इनाशी समोर दिसली की कात्तालिन कोबी निवडायला लागायची. घरात कोबी सडत होते.

*

"तर ऐका," प्राश्कू बाकावरून म्हणाला. मुनोआत त्याच्या थापांना एकच शिस्त होती. म्हाताऱ्याचा पेला पुन्हा भरेपर्यंत त्याला कुणी खोटं म्हणायचं नाही. "ही तुळई कुठली? तुम्ही म्हणाल रानातली. रानातली नव्हे. ही देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजाचा कणा आहे. वादळात फुटलं, लाकूड वाहत किनाऱ्याला लागलं, आमच्या मूळपुरुषानं बैल लावून वर ओढून आणलं. हिच्या आत अजून समुद्र आहे. कान लावा."

क्रिस्पिननं तुळईला कान लावला.

"काय ऐकू येतं?"

"माझी सासू."

"तीच भरती. तर त्या दिवशी, आठवा, वारा कुठला होता? दक्षिणेचा. दक्षिणेच्या वाऱ्यात शहाणी माणसं बिघडतात, मग लाकडाचं काय घेऊन बसलात. हिला खालून समुद्राचा वास आला. हिला वाटलं, निघायची वेळ झाली. आढ्यावर बगळे येऊन बसले होते. मी मोजले नाहीत, खोटं कशाला बोलू! आणि तुम्ही पोरांनी ते मळसूत्र फिरवलंत. खलाशी काय फिरवतात निघताना?"

"नांगर!" कुणीतरी ओरडलं.

"नांगर उचललात गाढवांनो! मग जहाज थांबेल? घर उठलं. मी चौकट धरली म्हणून वाचलो. हे असं, डुलत, गिरणीवरून गेलं. क्रिस्पिन, तुझी बायको अंगणात कपडे वाळत घालत होती, मी हात केला."

"मी पाहिलं!" क्रिस्पिनची बायको म्हणाली. "मला वाटलं, काका आज लवकर प्यायलेत."

टेबल हादरत होतं. कात्तालिननं तवा ठेवला. कधी नव्हे ते लोक बिशेंतेच्या पाठीवर थाप मारत होते. "ऐकलंस का रे, तुझी पाचर नव्हतीच. तू तर बंदरावरचा दोर सोडणारा!" म्हातारा काय करतोय ते तिला हळूहळू कळत गेलं. वाडीला चेष्टाच करायची होती ना, मग तो त्यांना दुसरी चेष्टा देत होता, पहिलीपेक्षा मोठी, जिच्यात कुणाचाच हात नाही. उद्यापासून खांबाकडे बघून लोक जहाज म्हणतील. एक घाव विसरतील. कुणाला काही सांगावं लागणार नाही.

थापेच्या भरात प्राश्कूची नजर एकदा, अगदी एकदाच, तिच्यावर येऊन गेली.

म्हणजे हे बिशेंतेसाठी नव्हतं. नुसतं बिशेंतेसाठी नव्हतं.

तिचे कान तापले. त्याला कळलं होतं. पत्र्यांवरच्या पहिल्या पावसापासून, ऑक्टोबरातल्या त्या आवाजापासून, कोबीपासून. सगळं कळलं होतं, आणि तो इतके दिवस शेंगा सोलल्यासारखा गप्प बसून हे जहाज बांधत होता.

बिशेंते हसत होता. पण त्याचे हात अजून टेबलाखालीच होते. इनाशी नवऱ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

"पण काका," क्रिस्पिन डोळे पुसत म्हणाला, "एक सांगा. तुम्हीच लहानपणापासून आम्हाला सांगता, की मुनोआचं छप्पर घराला दाबून ठेवतं. मग घर उठलं तेव्हा छप्पर काय जत्रेला गेलं होतं?"

एरवी अशा प्रश्नावर म्हाताऱ्यानं छपराला पंख लावले असते. पण त्याचा आवाज साधा झाला, दुधाचा भाव सांगावा इतका साधा.

"छप्पर होतं की. आहेच. तुमच्याच घरांनी दिलेली कौलं, जशीच्या तशी. वासे तेवढे बदललेत सूनबाईनं."

"आमची रांग आढ्यालगतची," इनाशी म्हणाली. संबंध जेवणात ती पहिल्यांदाच बोलली. "सासऱ्यांनी लावलेली. कौलाच्या पोटावर फांदीची खूण आहे."

"तिथंच आहे," प्राश्कू म्हणाला. "कुठं जाणार?"

"मग कौलांच्या नावानं घेऊ!" क्रिस्पिन उठला. "आपापल्या रांगेच्या नावानं! चल गं कात्तालिन, काढ खुंटी. म्हाताऱ्याचा घसा सुकला."

सगळे पेले घेऊन उठले आणि पिंपासमोर ओळ लावली. ही रीत ठरलेली. मालकिणीनं खुंटी उपसायची आणि "खुंटी!" अशी हाक द्यायची, मग बारीक धार सुटते आणि एकेकानं पुढं होऊन ती पेल्यात झेलायची. पहिला पेला पहिल्या शेजाऱ्याचा. बिशेंतेला कुणीतरी ढकलत पुढं आणलं. त्यानं पेला डाव्या हातात धरला होता. उजवा हात खिशात.

कात्तालिननं खुंटीला हात घातला. हाक द्यायला तोंड उघडलं.

"वर एकही कौल नाही," ती म्हणाली.

क्रिस्पिन खदखदून हसला.

"वा गं वा! सूनबाईही तयार झाली! बगळ्यांनी नेली वाटतं?"

पुन्हा हशा. प्राश्कूही बाकावरून हसायला लागला, जरा जास्तच मोठ्यानं. "अरे तिला बोलू द्या, माझी गादी तीच चालवणार!" त्यानं रिकामा पेला तिच्याकडे उंच केला. तो पेला भर म्हणत होता, भर आणि संपव.

"मी खांबाचा पाय उचललेला पाहिला," कात्तालिन म्हणाली. "गोठ्यात. पलीकडचं गवत दिसलं मला."

"आणि मांजर?" कुणीतरी मागून विचारलं.

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडणाऱ्या बाईवर लोक लगेच विश्वास ठेवतात. पण तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा चुलीसमोर बसल्यासारखा भाजत होता. तिनं खुंटी सोडली आणि बाकाकडे वळली. या घरात, या माळ्यावर, तो पेला रिकामा असताना, जे कुणी कधी बोललं नव्हतं ते तिला बोलायचं होतं, आणि ते बोलायला सासऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागणार होतं.

"मामंजी," ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलताय."

हसू कुणीतरी चिमटीत धरून विझवावं तसं विझलं. प्राश्कूचा पेला खाली आला.

त्या शांततेत सगळ्यांना पाऊस ऐकू आला. बाहेर डोंगरावर तसाच बारीक, रोजचा पाऊस लागला होता, जुन्या कौलांवर ज्याचा आवाजही होत नाही. इथं तो वाजत होता. टपटप, टपटप, उपड्या डब्यावर कुणी बोटं वाजवावीत तसा, पोकळ. इनाशीनं मान वर केली. मग क्रिस्पिननं. माणसं तोंडं वर करून ऐकत राहिली.

बिशेंतेनं मात्र वर पाहिलं नाही. तो खांबाकडे बघत होता, वरपासून खालपर्यंत, सुतार बघतो तसा. मग त्यानं पेला पिंपावर ठेवला, खिशातून उजवा हात काढला आणि भेगेच्या वरच्या टोकावर, आपल्याच पाचरीवर, पंजा पसरून टेकवला.